तू देविकाच्या दातांचं विचारलंस

नांदेड, शनिवार

प्रिय दादा,

"तोंड मिटून धर, सिंधे. रडलीस की माती आत जाती." हे तू मला म्हणालास तेव्हा तू अकरावीत होतास आणि मी पाचवीत, आणि किल्लारीच्या आपल्या घराचं सगळं मातीचं माळवद आपल्या अंगावर होतं. तुझा हात माझ्या खांद्याजवळ कुठेतरी आहे, एवढंच मला कळत होतं. पुढे तू लातूरला क्लास काढलास आणि दर जूनमध्ये नव्या बॅचला पहिल्याच दिवशी हे वाक्य ऐकवायला लागलास, तेव्हापासून ते माझ्या एकटीचं राहिलेलं नाही. मागच्या वर्षी तारा लावून घ्यायला आलेला एक मुलगा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, वैजनाथ सरांची ती मातीतली बहीण म्हणजे तुम्हीच का?" मी हो म्हणाले. त्यानंतर बिचारा इतका शहाण्यासारखा आ करून बसला की मलाच हसू आवरेना. घरी सांगितलं तर श्रीनाथ म्हणाले, तू आता दंतवैद्य नाहीस, धडा झाली आहेस.

पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतोस. "पॉइंटवर ये, सिंधे, माझं लेक्चर हाय." पण लिहिलेलं तू कधी अर्धवट सोडत नाहीस. आपण रेणापूरला मामाकडे राहायला गेलो तेव्हा शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू उलगडून दोन्ही बाजूंनी वाचायचास आणि मामी म्हणायची, वैजू, खाल्लेल्या शेंगांची आता परीक्षा घेतोस का काय. म्हणून लिहिते आहे. श्रीनाथ उद्या एका लग्नासाठी लातूरला येत आहेत, ते हे तुझ्याच हातात देतील. ऑफिसात सगळ्यांसमोर उघडू नकोस. वर घरात जाऊन वाच, आणि वाचून झाल्यावर शिल्पावहिनींना दे.

बुधवारी तू विचारलंस तेही अगदी तुझ्या पद्धतीने. "डॉक्टरीणबाई, तुमच्या भाचीचे दात सरळ करायचेत. तारा दिसायला नकोत. एप्रिलच्या आत जमंल तेवढं झालं पाहिजे. ए, परदेशी कंपनी. बी, आपली देशी. सी, घरपोच डबा मागवायचा. तू फक्त पर्याय सांग, बाकीचं मी बघतो." तुझा स्वतःचा कल कुठे आहे ते तुझ्या आवाजावरूनच कळत होतं. घरपोच डब्यात नांदेडच्या चकरा नाहीत, पोरीचं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं रिपीटचं वर्ष आहे, एकही टेस्ट बुडायला नको. तू मोबाइलवर पाठवलेल्या तिन्ही कंपन्यांच्या जाहिराती मी बघितल्या. तिन्हींत हसणारी मुलगी जवळजवळ एकच आहे.

तर आधी दातांचं सांगते, जसं कुठल्याही बापाला सांगितलं असतं तसं. तिन्हींत मूळ गोष्ट एकच असते. दातांवर घट्ट बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा ट्रे. तो दातांच्या आजच्या जागेपेक्षा किंचित पुढे बेतलेला असतो. दात हळूहळू त्यात येऊन बसतात, मग त्याच्या पुढचा ट्रे, मग त्याच्या पुढचा. परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर चांगलं आहे. दात कुठून कुठे जाणार ते पडद्यावर सरकताना दिसतं, मध्येच काही बिघडलं तर नवे ट्रे करून देतात, पण ते यायला वेळ लागतो आणि आपल्या पेशंटची आखणी करणारा माणूस कुठल्या देशात बसलाय याचा मला पत्ता नसतो. देशी कंपनीचं प्लास्टिक थोडं जाड असतं, सुरुवातीला जीभ अडखळते, स आणि श म्हणताना मुलं हसतात. पण त्यांच्या लॅबमधल्या माणसाला फोन करून मी सांगू शकते की हा दात इतक्या जोरात ढकलू नका, आणि तो ऐकतो. माझ्याकडच्या बऱ्याचशा केसेस मी त्यांच्याकडेच देते. घरपोच डब्यात मऊ पुटी येते. ती मुलांनी आपली आपण चावायची, ठसा कुरिअरने पाठवायचा, ट्रे कुरिअरने येतात, आणि अधूनमधून मोबाइलवर दातांचा फोटो पाठवायचा. पुढच्या दातांत थोडीशी फट असेल आणि बाकी तोंड निरोगी असेल, तर तेवढ्यावरही कधी कधी भागतं. पण त्या सगळ्या व्यवहारात तोंडात डोकावून कुणी बघत नाही.

देविकाची केस तेवढी सोपी नाही. तिचा डावीकडचा सुळा हिरडीत वर चढलेला आहे. ट्रे दाताला ढकलतो चांगला, पण वरचा दात खाली ओढायच्या कामाला कच्चा आहे. त्यासाठी दातांवर त्यांच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवावे लागतात, म्हणजे प्लास्टिकला पकड मिळते. एवढं करूनही तो सुळा खाली यायला वर्ष जाईल, दीड वर्षही जाईल. एप्रिल विसर. हाडाला तुझं टाइमटेबल कळत नाही.

एप्रिल कशासाठी ते मला माहीत आहे. तुमच्या ट्यूशन एरियात निकालाच्या दिवशी सकाळीच चौकात फ्लेक्स लागलं पाहिजे, म्हणून ज्या मुलांवर भरवसा आहे त्यांचे फोटो निकालाआधीच काढून ठेवतात. क्लासचा निळा टी-शर्ट, हाताची घडी, दात दिसतील असं हसू. मागच्या वर्षी देविकाचाही काढला होता. वरच्या ओळीत तिची जागा होती. निकाल लागला आणि दुपारपर्यंत त्या चौकटीत उदगीरच्या मुलीचा फोटो बसला. त्यात तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही, तो धंदाच तसा आहे. पण तिचा फोटो काढून टाकत होते तेव्हा ती ऑफिसात त्या संगणकाजवळच उभी होती, हे तुला कुणी सांगितलंय का? डिझाइन करणारा तिला म्हणाला, "ताई, जरा बाजूला सरका, स्क्रीन दिसंना." ती सरकली. हे तिने मला काल सांगितलं, तेही हसत.

त्या दाताचं आणखी एक आहे, ते तुझ्यामाझ्यातच राहू दे. आईचा एकही फोटो आपल्याकडे उरला नाही. शुक्रवारी स्कॅन केल्यावर देविकाचा जबडा पडद्यावर फिरवून बघत होते आणि तो सुळा समोर आला. तोच डावा, तसाच वर चढलेला. आई हसायच्या आधी पदर तोंडावर न्यायची तो त्याच दातासाठी. भूकंपानंतर ओळखायला म्हणून बोलावलं तेव्हा तू मला नेलं नाहीस. एकटा जाऊन आलास आणि मामाला म्हणालास, "आईच हाय. दात दिसला." त्यानंतर त्या दाताबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. देविका लहान होती, खळखळून हसायची, आणि ती हसली की तू हातातला पेपर जरा वर धरायचास. मी बघितलं आहे. तो दात फ्लेक्ससाठी सरळ करायचाय असं तू म्हणतोस. असू दे. मी त्यावर वाद घालत नाही.

गुरुवारी दुपारी तुझा ड्रायव्हर तिला सोडून गेला. क्लिनिकमध्ये गर्दी नव्हती, म्हणून मी तिला लगेच खुर्चीत बसवून सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. ट्रे दिवसरात्र तोंडात ठेवायचा. फक्त खाताना काढायचा, आणि खाऊन झाल्यावर दात घासल्याशिवाय परत लावायचा नाही. ट्रे तोंडात असताना पाण्याखेरीज काही नाही, चहासुद्धा नाही. हे ऐकलं की पेशंटचा चेहरा पडतो. माणसं घासाघीस करायला लागतात. मॅडम, दोन बिस्किटं? मॅडम, पाणीपुरी म्हणजे पाणीच की. देविकाने काही घासाघीस केली नाही. नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी जेवायला नको म्हटलं तर कुणी आग्रह करणार नाही ना, आत्या? ट्रे लावलाय म्हटलं की झालं?" मी हो म्हणाले, तशी ती खुर्चीत मागे टेकली. खाता येणार नाही हे ऐकून सुटल्यासारखा झालेला चेहरा मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. वाटलं, अभ्यासाची घाई आहे पोरीला, जेवणात वेळ जातो म्हणत असेल.

संध्याकाळी मी बाजरीच्या भाकरी केल्या, वांग्याचं भरीत केलं. संक्रांतीचे तिळाचे लाडू उरले होते. ती मन लावून जेवली. भाकरी कुस्करून, दूध घालून, लाडू मागून घेऊन. मला इतकं बरं वाटलं की मी तुला फोन करून सांगणार होते, तुझी लेक माझ्याकडे जास्त जेवते म्हणून. मग ती हात धुवायला गेली आणि बाथरूममधला नळ बराच वेळ सुरू राहिला. श्रीनाथ म्हणाले, टाकी रिकामी होईल. मी दारापाशी गेले. नळाच्या आवाजामागे दुसरा आवाज होता. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं, डोळे लाल, आणि माझ्याकडे बघून गोड हसली. ओठ मिटून.

शुक्रवारी सकाळी मी तिच्या तोंडात नीट बघितलं. दादा, हे सावकाश वाच. दातावर काचेसारखं एक कवच असतं. तिच्या वरच्या पुढच्या दातांचं ते कवच टाळूच्या बाजूने विरघळलं आहे. समोरून काहीच दिसत नाही, त्यामुळे तुम्हाला कुणाला दिसलं नाही यात नवल नाही. मागून दात गुळगुळीत आणि पातळ झाले आहेत, मागे दिवा धरला तर उजेड आरपार येतो. ती आठवीत असताना मी तिची एक दाढ भरली होती. ते सिमेंट आता भोवतालच्या दाढेपेक्षा वर उभं आहे, कारण सिमेंट होतं तेवढंच राहिलं आणि दाढ झिजून खाली गेली. हे जोरात घासण्याने होत नाही. चिंच-लिंबाने मागच्या बाजूला असं होत नाही. पोटातलं वर येतं तेव्हा होतं, आणि कधीतरी नाही, रोज येतं तेव्हा होतं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी, घशात बोटं घालताना जिथे वरचे दात टेकतात तिथे, घट्टे पडले आहेत. शिल्पावहिनी दिवाळीपासून म्हणतात की गाल भरलेत, पोरीच्या अंगाला लागायला लागलंय. तिच्या अंगाला काही लागत नाहीये. उलट्या करून करून कानाखालच्या लाळेच्या ग्रंथी सुजल्या आहेत, ते गाल दिसतात.

मी विचारलं. ती म्हणाली, ॲसिडिटी आहे. मी स्कॅनरची वायर गुंडाळत बसले. मग तिचं तिनेच सांगितलं. "पोट भरलं की झोप येती, आत्या. पप्पा म्हणतात ना, भरल्या पोटी डोकं चालत नाही. म्हणून मी हलकं करते." हलकं करते म्हणाली, जसं कुणी जड दप्तरातून एक वही काढून ठेवावी. "आधी फक्त टेस्टच्या आदल्या दिवशी करायचे. आता टेस्ट रोजच असती." मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, निकालानंतर. कुणाला सांगितलंस? तर म्हणाली, कुणाला सांगायचं, आणि कशाला? "पप्पा सांगतात की, तुम्ही तोंड उघडलं नाही म्हणून वाचलात. मग मी थोडं सहन केलं तर काय झालं."

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ए नाही, बी नाही, सी नाही. त्या विरघळलेल्या दातांवर उंचवटे टिकणार नाहीत. उलटीनंतर तिने ट्रे लावला तर पोटातलं आम्ल दातांना धरून बसेल, आणि उरलेलं कवचही जाईल. हे झालं दातांचं. पण त्याहून वाईट म्हणजे आपण तिला न जेवायचं असं कारण हातात दिलं असतं की ज्याचं घरात कौतुक झालं असतं. बघा, किती शिस्तीने ट्रे घालते, मध्ये एक दाणा तोंडात टाकत नाही. तू तेही बॅचला सांगितलं असतंस. आणि घरपोच डबा मागवला असता तर ती दर थोड्या दिवसांनी समोरून फोटो पाठवत राहिली असती, आणि समोरून सगळं छान दिसत राहिलं असतं.

त्याच दिवशी मी तिला सौदामिनीकडे नेलं. ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, इथे फिजिशियन आहे, तू तिला माझ्या लग्नात भेटला आहेस. रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलं आहे. ते तसं गेलं की हृदयाचा ठोका चुकतो, आणि चुकलेला कधी कधी परत लागत नाही. सौदामिनीने देविकाला बाहेर बसवलं आणि मला म्हणाली, "सिंधु, ही मुलगी एक दिवस बाथरूममध्ये पडेल आणि दाराला आतून कडी असेल." दुपारभर सलाईन दिलं. रोज रक्त बघायचं आहे. ते सावरलं की मग खरा उपचार सुरू होणार. जेवण पोटात ठेवायला पुन्हा शिकवायचं, त्यासाठी मनाच्या डॉक्टरांकडे नियमित जायचं, जेवल्यानंतर कुणीतरी तिच्याजवळ बसायचं. याला आठवडे नाही, महिने लागतात.

संध्याकाळी मी तुला फोन केला. सगळं सांगणार होते. उलट्या करते, रक्तात दोष निघालाय, एवढं म्हटलं आणि तू म्हणालास, "रिपीटर पोरांना ॲसिडिटी असतीच गं. अर्ध्या क्लासला हाय. गोळी दे. तू दातांचं बघ, बाकीचं मी बघतो." मागे माइकची चाचणी चालली होती, कुणीतरी वन टू थ्री म्हणत होतं. तू ठेवलास. मला तुझा राग आला नाही. तुझा आवाज मी ओळखते. घाबरलास की तू घाई करतोस.

आणि मग मला ती दुसरी गोष्ट आठवत राहिली, जी तू बॅचला सांगत नाहीस. मला इतकी वर्षं वाटायचं की ती तुला ठाऊक आहे आणि मुलांसमोर सांगायला जड जाते. आता वाटतं, तू खरंच विसरला आहेस. तू मला गप्प राहायला सांगितलंस आणि मी राहिले, हे खरं. पण तू राहिला नाहीस. तू ओरडत होतास, दादा. आधी आईला हाका मारत होतास. ती पलीकडून ओ देत होती, मग द्यायची थांबली. मग तू बापूंना हाका मारल्यास, मग खंडोबाला, मग शेजारच्या शंकरप्पांना. मध्ये ठसका लागायचा, थुंकायचास, पुन्हा ओरडायचास. लहान पोरासारखा रडत होतास. मी कान तुझ्याकडे लावून पडून होते आणि मला तेवढाच धीर होता. शंकरप्पा पुढे रेणापूरला भेटायला आले होते तेव्हा ओसरीवर मामाला म्हणाले, "आम्ही म्होरं निघालो होतो. पोराचा आवाज आला म्हणून पहार मारली. पोरीचा तर आवाजच न्हवता, ती हाय हे बी ठावं न्हवतं." तू तेव्हा शाळेत दाखल्यासाठी गेला होतास. मी दाराआड उभी होते. छावणीतली नर्स रुमाल बोटाला गुंडाळून तुझ्या तोंडातली माती काढत होती, तुला कितीतरी दिवस खोकल्यातून माती पडत होती, आणि माझं तोंड मात्र स्वच्छ होतं. मी गप्प राहिले ते तू सांगितलंस म्हणून. मी जिवंत आहे ती तू ओरडलास म्हणून.

हे मी काल देविकाला सांगितलं. ती माझ्या पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती, हाताला सलाईनची पट्टी. तिने विचारलं, "पप्पा रडले होते?" मी हो म्हणाले. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. आज सकाळी तिने अर्धी वाटी मऊ भात खाल्ला आणि माझा हात धरून बसून राहिली, उठली नाही. मी टीव्ही लावला, कसला तरी स्वयंपाकाचा कार्यक्रम होता, तो लगेच बंद केला, तशी ती हसली. दुपारी मात्र तिने फोनवर तुझ्या क्लासच्या ग्रुपमधला टेस्टचा पेपर उघडला आणि पुन्हा नळ सुरू झाला. मी दार वाजवलं. तिने उघडलं नाही. पण आतून कडी लावलेली नव्हती. मी आत गेले. मी तिची पाठ धरून उभी राहिले.

सोमवारी सकाळी तुझा ड्रायव्हर तिला न्यायला निघेल, कारण मंगळवारी मोठी टेस्ट आहे. मी आज तिला विचारलं की राहशील का इथे, बरी होईपर्यंत. ती म्हणाली, "गाडी आली न्हाई तर राहीन. गाडी आली तर मला न्हाई म्हणता येणार नाही, आत्या." एकोणीस वर्षांची मुलगी आहे, आपला निर्णय आपण घेऊ शकते असं कायदा म्हणतो, आणि ती गाडीत बसेल हे तिला आत्ताच माहीत आहे. ती तुला हे स्वतः कधी सांगणार नाही, म्हणून एवढं लिहिलं. दादा, सोमवारी गाडी पाठवू नकोस. यंदाची परीक्षा तिला देऊ देऊ नकोस. मे महिना असाच जाऊ दे, चौकात कुणाचंही फ्लेक्स लागू दे. तू आणि वहिनी हवं तेव्हा या, तिच्याजवळ बसा, फक्त तिला घेऊन जाऊ नका. तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे. आता चारच महिने राहिलेत, परीक्षा होऊ दे, मग तुझ्याकडेच पाठवतो, पाहिजे तेवढे दिवस ठेवून घे. आणि हे वाचून झाल्यावर, सगळं वाचून झाल्यावर, तू खिडकीशी जाऊन उभा राहशील आणि मग ड्रायव्हरला फोन करून सांगशील की नांदेडला जरा लवकर नीघ. तुला ओळखते म्हणून हे लिहिताना मला काही आशा नाही. तरी मागते आहे. गाडी पाठवू नकोस.

तुझीच,
सिंधु